दुपारचं फाटक

बागेच्या फाटकाला कुलूप घालण्याआधी जोमादादा आत तोंड करून तीनदा हाक मारायचा. "कोन हाय काय आतमंदी? कोन रायलाय काय?" मग जरा थांबायचा. उत्तर कधीच येत नसे. "नाय कोन," असं स्वतःलाच सांगून तो कुलूप लावायचा आणि ते दोनदा ओढून बघायचा. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते असंच, सकाळी दहा वाजता रिकाम्या बागेशी बोलताना. झालं, म्हटलं, आपल्या वाट्याला पहिलाच माणूस चक्रम आला.

मी तेव्हा उद्यान खात्यात पर्यवेक्षक म्हणून नुकतीच लागले होते. लग्न होऊन नगरहून नवीन पनवेलला आलेली, शेतकी कॉलेजची पदवी घेतलेली, झाडांची लॅटिन नावं तोंडपाठ असलेली आणि त्यामुळे अंगात थोडा जास्तच शहाणपणा असलेली. खारघरच्या बाजूच्या नऊ बागा माझ्याकडे होत्या. त्यातली बेलपाड्यालगतची ही एक. बागेला माळी, रखवालदार, झाडूवाला असे तीन जण मंजूर होते. प्रत्यक्षात जोमा घरत नावाचा एकच माणूस तिन्ही होता.

अंगाने काटक, रंगाने रापलेला, पन्नाशी ओलांडलेला. खात्याने दिलेला खाकी शर्ट वर आणि खाली गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट. गळ्यात शिट्टी होती, पण ती वाजलेली मी कधी ऐकली नाही. मुलं फुलं तोडायला लागली, तर हा सावकाश चालत तिथे जाऊन नुसता उभा राहायचा. मुलं लाजून पळायची. "शिट्टी मारली त पाखरा उरतात," एवढंच त्याचं म्हणणं.

पहिल्याच आठवड्यात कामाच्या वहीने माझं डोकं फिरवलं. तीत रोज कुठे काय केलं ते लिहायचं असे. इतर बागांच्या वह्यांत 'लॉन क्रमांक एक', 'मुलांचा विभाग' असं असायचं. याच्या वहीत चौथीपर्यंत शिकलेल्या गोल अक्षरात लिहिलेलं, 'मोटा खाचर, पानी दिला.' 'आत्याचा तुकरा, गवत कारला.' 'वड्याकरचा बांद, झारू मारला.' मी वही घेऊन त्याच्यापुढे उभी राहिले.

"दादा, हे आत्याचा तुकडा काय आहे?"

त्याने घसरगुंडीकडे बोट दाखवलं. "त्यो. माजी आत्या रांडवली न् म्हायेरा आली, तवा आज्यान तिच्या नावान केलेला. लय गोर भात यायचा त्याच्यात."

मग हळूहळू उलगडलं. ही बाग त्याच्या घरच्या शेतावर उभी होती. गावाची जमीन शहरासाठी गेली, सेक्टर पडले, रस्ते आले, आणि घरतांच्या भातशेताच्या नशिबी इमारतींऐवजी बाग आली. पुढे बऱ्याच खटपटीनंतर त्याला खात्यात नोकरी लागली आणि फिरत फिरत त्याची नेमणूक इथेच झाली. आपण कोणाला कुठे नेमलंय हे खात्यात कोणाच्या गावीही नव्हतं. त्यानेही सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर एखाद्याने नक्कीच काहीतरी नियम काढला असता.

त्याच्या चुलतभावांची तीन-तीन मजली घरं झाली होती, दारात पांढऱ्या गाड्या उभ्या होत्या. हाही काही उपाशी नव्हता. पण मुलं म्हणायची, बाबा, आता पुरे करा, लोकांच्या बागेत झाडू मारता, बरं दिसत नाही. तो ऐकून घ्यायचा आणि सकाळी साडेपाचला चपला घालताना घरात सांगायचा, "शेताव जातो." इतकी वर्षं नोकरी केली, पण कामावर जातो असं तो घरी एकदाही म्हणाला नाही.

मधे एकदा खात्याच्या मनात आलं की प्रत्येक बागेत कुंपणाच्या झुडपांना कापून प्राण्यांचे आकार द्यायचे. नकाशावर आमच्या बागेच्या वाट्याला हत्ती आला. मी जोमादादाला चित्र दिलं, मोठी कात्री दिली आणि रजेवर गेले. परत आले तर दुरांटाच्या झुडपातून एक धष्टपुष्ट रेडा माझ्याकडे बघत होता. शिंगं, शेपूट, सगळं जिथल्या तिथे.

"दादा, हत्ती सांगितला होता!"

"मॅडम, हत्ती आमी कवा बगलाय? रेडा बगलाय, त्यो केला."

साहेबांना मी तो घाबरतच दाखवला. पण मुलं त्या रेड्यावर इतकी खूश झाली की आसपासच्या इमारतींत आमच्या बागेचं नावच रेड्याची बाग पडलं. आजही रिक्षावाल्याला तेच नाव सांगावं लागतं, रेडा जाऊन किती वर्षं झाली तरी.

सकाळच्या फिरणाऱ्यांचे पुढारी होते सप्रेकाका. बँकेतून निवृत्त झालेले, बूट पॉलिश करून फिरायला येणारे. त्यांची आणि जोमादादाची रोज काहीतरी कुरकुर चालायची. नळ गळतोय, पाला साचलाय, बाक ओला आहे. जोमादादा "व्हय सायब" म्हणायचा आणि आपल्या क्रमानेच कामं करायचा. पण सप्रेकाकांनीच मला एकदा एक गोष्ट सांगितली. त्यांची पत्नी गेली त्या महिन्यातली. एके सकाळी ते बांबूच्या बेटामागच्या बाकावर जाऊन बसले आणि त्यांना रडू फुटलं. दहा वाजले. फाटकावरून जोमादादाची हाक ऐकू आली, कोन रायलाय काय. यांच्या तोंडून आवाजच निघेना. अकराच्या पुढे कधीतरी डोळे पुसून ते फाटकाशी आले, तर हा तिथे उंबऱ्यावर कुलूप हातात घेऊन बसलेला. "कुलूपच अडाकलाय सायब," तो म्हणाला, "लागतच नाय. बरा झाला तुमी आलाव, जरा धरा." मग दोघांनी मिळून ते कुलूप लावलं. कुलपाला काहीही झालं नव्हतं, सप्रेकाका म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले.

बागेच्या वेळा फाटकावर रंगवलेल्या होत्या. सकाळी सहा ते दहा, संध्याकाळी चार ते नऊ. मधल्या वेळात पाणी घालायचं, झाडलोट करायची, असा त्यामागचा हेतू. कागदावर ठीक होतं.

एका एप्रिलमध्ये तळोज्याच्या बाजूने परत येताना माझी स्कूटी बागेजवळ पंक्चर झाली. दुपारचा एक. बाग बंद, पण मागच्या गल्लीतलं छोटं फाटक नुसतं लोटलेलं होतं. आत गेले आणि उभीच राहिले. मोठ्या खाचरात, म्हणजे आमच्या लॉन क्रमांक एकच्या कडेला, एक रेन ट्री आहे. त्याच्या सावलीत दहा-बारा बायका गोल करून जेवायला बसल्या होत्या. बाजूच्या बांधकामावर विटा-रेती वाहणाऱ्या, डोंगराकडच्या वाड्यांवरून आलेल्या कातकरणी, दोन-चार घरकामाच्या बायका. झोपाळ्याच्या दांडीला लुगड्याच्या दोन झोळ्या बांधलेल्या आणि त्यांत तान्ही मुलं झोपलेली. आणि त्या घोळक्यात मांडी घालून, डबा उघडून, आमचा रखवालदार.

मी आवाज चढवला. "दादा! बाग बंद आहे ना?"

बायका उठायला लागल्या. त्याने हातानेच त्यांना खाली बसवलं. स्वतः मात्र जागचा हलला नाही.

"जेवत्या मानसाला उठवाचा नसतो, मॅडम," तो म्हणाला. रागाने नाही, एखाद्याला रस्ता सांगावा तसा. "तुमी पन बसा. उनाच्या आलाव."

"पण नियम आहे, दादा."

"आसंल. आमची आय याच बांधाव आमाला जेवाला घालाची. वाटंन जानारा कोन पन बसाचा. शेताव बसलेला मानूस कोन, कुठला, इचाराचा नाय, आय सांगाची. आन् सावली काय कुलपात ठेवाची चीज हाय?"

ऊन मी म्हणत होतं. बसले. त्याने तांदळाच्या भाकरीचा अर्धा तुकडा आणि त्यावर सुकट माझ्या हातावर ठेवली. पोशी नावाच्या बाईने कांदा फोडून दिला. मी संकोचत खाल्लं. भाकरी संपली तशी तो सहज म्हणाला, "बाय, आजून एक घे."

मॅडमची बाय झाले, तुमीची तू झाले. त्याच्या लक्षातही आलं नसेल. मला मात्र इतकं बरं वाटलं की काय सांगू. लग्नानंतर या गावात मला कोणी आपणहून 'घे' म्हणालं नव्हतं.

त्यानंतर दोन-अडीच वर्षं माझी त्या बागेची पाहणी नेमकी दुपारी एकलाच पडत असे. योगायोग! मी डब्यात शेंगदाण्याची चटणी न्यायची आणि ती बायकांत हातोहात संपायची. जोमादादा कोणत्या खाचरात कोणतं भात यायचं ते सांगायचा, पोशी त्याची चेष्टा करायची. तीन वाजले की बायका उठून शितंसुद्धा वेचून घ्यायच्या. मग तो मागच्या फाटकाशी उभा राहून हाक द्यायचा, कोन रायलाय काय, आणि कुलूप लावायचा. एवढी स्वच्छ बाग माझ्या नऊ बागांत दुसरी नव्हती.

तक्रारी मात्र सुरू झाल्या होत्या. दुपारी बागेत बाहेरचे लोक बसतात, असं पत्र रहिवाशांकडून यायचं. त्यावर पहिली सही सप्रेकाकांची. पत्र माझ्याकडे अहवालासाठी यायचं, आणि मी छापील मराठीत लिहायची, 'प्रत्यक्ष पाहणी केली असता असे काही आढळून आले नाही.' असं मी चार वेळा लिहिलं. खोटं लिहिताना मजाच वाटली.

आणि मग मी तो शहाणपणा केला.

खात्याने चांगल्या कर्मचाऱ्यांच्या सत्कारासाठी नावं मागवली. लोक दोन ओळी लिहितात, नियमित हजेरी, नम्र स्वभाव, संपलं. मी दीड पान लिहिलं. जोमादादाचं सगळं चांगलं कोणाला तरी कळलंच पाहिजे, असं मला वाटलं. रेड्याबद्दल लिहिलं, हाकेबद्दल लिहिलं आणि शेवटी, अगदी रंगात येऊन लिहिलं की हे कर्मचारी स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत मागील फाटक उघडे ठेवून कष्टकरी महिलांना सावली उपलब्ध करून देतात. सोबत मी स्वतः काढलेला फोटो जोडला. झोळ्यांसकट. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. तेही दुसऱ्याचा हात दाखवून.

चार दिवसांनी साहेबांनी बोलावलं. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी मांडले होते. एक माझा चौथा अहवाल, दुसरी माझी शिफारस. दोन्हींखाली माझी सही.

"मॅडम," ते शांतपणे म्हणाले, "यातलं खरं कोणतं?"

साहेब वाईट नव्हते. तक्रार लेखी होती, पुरावा लेखी होता आणि पुरावा मीच दिला होता. मला म्हणाले, तुम्ही तरुण आहात, तुमचं मी समजून घेतो. जोमादादाला मात्र मेमो निघाला आणि बदली, तळोज्याच्या बाजूच्या रोपवाटिकेत. मागच्या फाटकाला कायमचं कुलूप लावावं, असा हुकूम निघाला. तो बजावायला मलाच पाठवलं.

मी सकाळीच गेले, दुपारी जायची हिंमत नव्हती. तो रेड्याचे कान कातरत होता. मी कागद पुढे केला. त्याने तो सगळा वाचला, बोट ठेवत ठेवत, माझ्या शिफारशीचा उल्लेख होता त्या ओळीपर्यंत.

"तुमी लिवलाय?"

"हो. पण दादा, मी चांगलं लिहिलं होतं. तुमच्या सत्कारासाठी लिहिलं होतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्यात राग असता तर मला झेपला असता.

"चांगलाच लिवला आसाल, मॅडम," तो म्हणाला. "सही कुठं करू?"

दहा वाजता त्याने हाक मारली, तीनदा. थांबला. "नाय कोन." कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि चावी माझ्या हातात दिली. एकदा ते शेत सरकारने घेतलं होतं. दुसऱ्यांदा मी घेतलं, आणि तेसुद्धा त्याचं कौतुक करून.

नंतर महिनाभराने मी दुपारी त्या गल्लीतून गेले. बायका बंद फाटकाबाहेर फुटपाथवर भिंतीला टेकून जेवत होत्या. भिंतीची सावली वीतभर पडली होती. पोशीने झोळी कुंपणाच्या गजाला बांधली होती. "दादा कवा येनार?" तिने विचारलं. मी म्हटलं, बघते. सप्रेकाकाही एकदा कचेरीत आले. बराच वेळ नळाबद्दल बोलले आणि उठताना म्हणाले, "आम्ही वेळ पाळा म्हणून लिहिलं होतं हो. त्याला हलवा असं कुठे लिहिलं होतं?" आम्ही दोघं एकाच माळेचे मणी.

पुढे माझी बढती झाली, मुख्य कचेरीत आले. बागा दुपारी उघड्या ठेवण्याचा प्रस्ताव मी तीनदा मांडला. दोनदा परत आला. तिसऱ्या वेळी त्यात एकाही माणसाबद्दल चकार शब्द लिहिला नाही. नुसतं ऊन लिहिलं. 'वाढत्या उष्म्याचा विचार करता' अशी सुरुवात केली आणि तो मंजूर झाला. गेल्या वर्षीपासून ती बाग दिवसभर उघडी असते. रेन ट्रीखाली दुपारी बायका बसतात, नव्या आहेत, मला कोणी ओळखत नाही. त्यांना वाटतं बाग पहिल्यापासून अशीच आहे.

मंजुरीचा कागद घेऊन मी बेलपाड्याला त्याच्या घरी गेले. ओसरीत शिरताच भिंतीवरचा फोटो दिसला, हार घातलेला. खाकी शर्ट नव्हता, कुठल्याशा लग्नातला पांढरा होता. सुनेने पाणी दिलं. म्हणाली, "बाबा रिटायर झाल्याव एकदा पन त्या बागंत गेलं नाय. बाजारात जाताना लांबच्या वाटंन जायाचं." मी कागद पर्समध्येच ठेवला.

माणूस गेला की लोक म्हणतात, भेट राहून गेली. माझी राहिली नाही. झाली होती आणि तीच डोक्यातून जात नाही.

बदलीनंतर चार-पाच महिन्यांनी मी माफी मागायला रोपवाटिकेत गेले होते. आपली नेहमीची वेळ म्हणून मुद्दाम दुपारी एकला. डब्यात शेंगदाण्याची चटणीही घेतली होती. पण त्या दिवशी दुसरं काम होतं म्हणून खात्याची जीप होती, पाटीवाली. हिरव्या जाळीच्या मांडवाखाली रोपांच्या पिशव्या भरणाऱ्या बायका गोल करून जेवत होत्या आणि त्यांच्यात तो. मला इतका आनंद झाला. वाटलं, आता म्हणेल, बाय, बस.

जीप थांबलेली त्याने पाहिली आणि तो उठला. डाव्या हाताने गुडघ्यावर भार देऊन, खरकटा उजवा हात अंगापासून लांब धरून तो उभा राहिला. तो उठला म्हणून बायकाही उठल्या.

"या, मॅडम."

"दादा, बसा ना. जेवा तुम्ही. मी थांबते."

"झाला माजा."

डब्यात अर्धी भाकरी तशीच होती. सुकटीला तर हातही लागला नव्हता. मी काहीतरी बोलायचं म्हणून पिशव्या किती भरल्या ते विचारलं. त्याने नीट आकडा सांगितला. चटणीचा डबा माझ्या पिशवीतच राहिला. माफीचं एकही वाक्य तोंडून निघालं नाही. मी बसले की ते बसतील, हेसुद्धा मला तेव्हा सुचलं नाही. मी निघाले, म्हणजे निदान यांचं जेवण तरी होईल, एवढंच सुचलं.

जीपमध्ये बसून मागे पाहिलं. तो तसाच उभा होता, खरकटा हात लांब धरून. गाडी वळेपर्यंत त्यांच्यातलं कोणीही खाली बसलं नाही.